सरगुंड्यांचा व्हिडिओ

इंदूनं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी टीव्हीपुढं बसलो होतो. गेल्या वर्षीचा एप्रिल महिना. ती मागच्या अंगणातून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "अहो, समीक्षाच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ जोडाचं काहीतरी फुकटात मिळते म्हनते. त्यातलं कोनतं चांगलं असते, पाहून द्या न."

मी म्हटलं, "पाहू."

समीक्षा आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरीला आहे. इंजिनिअरिंगला होती तेव्हा घेतलेला कॉम्प्युटर तिनं जाताना घरीच ठेवला. तो समोरच्या खोलीत जुन्या ओढणीखाली झाकलेला असायचा. आमचं गाव नेरपासून सात किलोमीटरवर. नऊ एकर शेती, कापूस आणि तूर. मी दहावीपर्यंत शिकलेलो. कॉम्प्युटर चालू-बंद करता यायचा, त्यापुढं कधी गरज पडली नाही.

त्या उन्हाळ्यात समीक्षा फोनवर म्हणाली होती, "आई, मले सरगुंडे करता येत नाहीत. इथं कोणाला सांगितलं तर हसतात, असं काही असतं हेच माहीत नाही." तिला सुट्टी नव्हती. मग इंदूनं ठरवलं की उन्हाळ्याची सगळी कामं मोबाइलपुढं करायची. कणकेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायची, लाल बटण दाबायची आणि समोर बसून काम करायची. सरगुंडे, म्हणजे कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळून वाळवायच्या नळ्या. शिवाय कुरड्या, धापोडे नावाचे पापड, मूगवड्या, कैरीचं लोणचं. मोबाइल खाली असायचा म्हणून त्यात जास्त करून तिचे हातच यायचे. खाली वाकली तर तोंड यायचं. दोन महिन्यांत तिनं त्रेचाळीस तुकडे भरले. कोणता दोन मिनिटांचा, कोणता अकरा.

मी एकदा म्हटलं, "जोडाची काय गरज हाय? एक एक पाठवून दे तिले."

"एक एक कायले पाठवू?" ती म्हणाली. "जेवाले बसवून एक एक घास आनून देल्यासारखं होते. सारं जोडून एकदाच पाठवीन. मांगून तिनं आपल्या पोरीले दाखवलं पाह्यजे."

"पोरगी कोठी हाय अजून? लग्न तर होऊ दे."

"म्हनूनच म्हनते, तवापर्यंत तरी तुमी ते पाहून द्या."

तिनं मला चारदा विचारलं. मी चारदा "पाहू" म्हटलं. एकदा तर मी नेरला बबलूच्या मोबाइलच्या दुकानात पाऊण तास बसून होतो. पंख्याखाली बसून चहा प्यालो, चार्जर घेतला आणि घरी आलो. इंदूनं विचारलं, "बबलूले विचारलं काय?" तेव्हा मला आठवलं. मी चिडून म्हटलं, "मले दुसरे कामं नाहीत काय?" 

त्याच वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. डोक्यात रक्त साकळलं. यवतमाळला दवाखान्यात नऊ दिवस होती. नऊ दिवसांत एक शब्द बोलली नाही. समीक्षा उशाशी बसून "आई, आई" करायची. मी दाराजवळ उभा राहायचो.

तिच्या मागं सगळं काम मी नीट केलं. तूर काढली, कापूस वेचून घेतला, घर झाडलं. मोबाइल मात्र कपाटात तिच्या साड्यांवर ठेवून दिला. दहा महिने उघडला नाही.

यंदा पोळा झाल्यावर समीक्षाचा फोन आला. वर्षश्राद्धाला दीड महिना राहिला होता. ती म्हणाली, "बाबा, आईचे ते व्हिडिओ आहेत न?"

"आहेत."

"मले पाठवा."

"मी जोडून देतो," मी म्हटलं. "आईला जोडूनच द्यायचे होते."

"जोडू नका, बाबा. तसेच द्या. जसे असतील तसे."

"थांब न. नीट करून देतो."

मी कापसाचा माणूस आहे. चाळीस वर्षांत माझी गाडी बाजारात कधी वापस आली नाही. गाडी भरायच्या आधी मी स्वतः बसून कापसातली कवडी वेचतो. कवडी म्हणजे किडकी बोंडं, पिवळा पडलेला, दगडासारखा घट्ट झालेला कापूस. पांढरा एकीकडं, कवडी एकीकडं. आणि वेचलेली कवडी मी घरात एक दिवस ठेवत नाही. त्यात बोंडअळी असते, पुढच्या पिकावर चढते. तीच सवय हाताला. कोणालाही माल द्यायचा तर निवडून द्यायचा, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी बबलूकडं गेलो. बबलू चाळिशीतला माणूस, आधी लग्नांची शूटिंग करायचा. मी म्हटलं, "व्हिडिओ जोडाचं फुकटातलं सॉफ्टवेअर पाह्यजे."

"कायचा व्हिडिओ हाय काका? लग्नाचा का बारशाचा? मंग रील करून देऊ काय, गाणं टाकून?"

"तुया काकूचा हाय."

त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "काका, मोबाइल आना इथं. मी करून देतो. पैसे नोको."

"मले करू दे. तिनं मले सांगितलं होतं."

त्यानं मला चार सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून दिली. कोणतं कसं आहे तेही सांगितलं. वहीच्या पानावर लिहूनही दिलं. या सगळ्याला अर्धा तासही लागला नाही. इंदूनं मला वर्षभरापूर्वी सांगितलेलं काम ते एवढंच होतं.

घरी येऊन मी मोबाइल चार्ज केला, कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि सगळे तुकडे तिकडं घेतले. बबलूनं कॉपी सांगितली होती. मी कट केलं. मला वाटलं, माल एकाच जागी बरा, दोन ठिकाणी पसारा नको.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं होतं. मोठी मोठी बटणं, माझ्यासारख्यालाही समजेल असं. मी सरगुंड्यांचा पहिलाच तुकडा त्यात टाकला, कापता येत नव्हतं म्हणून तसाच ठेवला आणि फक्त तयार करून पाहिला. पाहतो तर सगळ्या व्हिडिओवर आडवं त्या कंपनीचं नाव. इंदूच्या तोंडावरून, हातावरून, परातीवरून. फुकट वापरायचं तर ते नाव राहणारच, काढायचं तर पैसे भरा, असं होतं. मला राग आला. माझ्या बायकोच्या कपाळावर कोणाचं नाव कशाला? मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं.

दुसरं फार मोठं होतं. बबलू म्हणाला होता, त्यात सिनेमे करतात आणि तरी फुकट आहे. ते उघडायला आठ मिनिटं लागली. तुकडा टाकला तर चित्र अडकलं, पंखा मोटरपंपासारखा वाजायला लागला आणि कॉम्प्युटर बंद पडला. दोनदा तसंच झालं. समीक्षाला फोन केला तर म्हणाली, "बाबा, त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, जास्त रॅम लागते. आपल्याकडं चारच जीबी आहे. तुम्ही नका न त्रास घेऊ." तिसऱ्याला दर वेळी इंटरनेट आणि ई-मेल लागायचा. आमच्याकडं नेट सकाळी थोडं येतं, मग दिवसभर नाही.

चौथं दिसायला साधं होतं. करड्या रंगाचं, बारीक अक्षरांचं. पण जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं. कोणाचं नाव नाही, मुदत नाही, पैसे नाहीत. बबलूनं वहीत लिहिलं होतं की हे कोण्या कंपनीचं नाही, ठिकठिकाणचे लोक आपल्या वेळात बसून बनवतात आणि वाटतात. फुकट वाटलेलं बियाणं मी कधी शेतात टाकलं नव्हतं, म्हणून मी आठ दिवस त्याच्याकडं संशयानं पाहत राहिलो. पण ते चांगलं निघालं. इंदूला हेच पाहिजे होतं. मी त्या वेळी विचारलं असतं तर ती स्वतः बसून शिकली असती. शिवणाची मशीन ती अशीच शिकली होती, पुस्तक पुढं ठेवून.

रोज सकाळी शेतातून आलो की जेवण करून मी बसायचो. खाली पट्टीवर तुकडे एकापुढं एक लावलेले दिसायचे. कात्रीचं बटण दाबलं की त्या जागी तुकडा कापला जायचा. नको तो भाग निवडायचा आणि डिलीट. पहिल्या दिवशी दोन मिनिटं साफ झाली. मग हात बसला. मला बरं वाटायला लागलं. वर्षभरात असं एक काम मिळालं नव्हतं ज्यात ती माझ्यापुढं बसलेली असेल.

काय काय काढलं ते सांगतो. मिक्सरचा आवाज. कुकरची शिट्टी. मोबाइल घसरून आभाळ दिसायचं तो भाग. तिचा खोकला. शेजारच्या सत्यभामाबाईंच्या पापडांना ती हसली होती ते. व्हिडिओ श्राद्धाला सगळ्यांपुढं लावायचा होता; सत्यभामाबाई समोरच बसणार, त्यांना वाईट वाटेल. माझ्या बहिणीबद्दल दोन वाक्यं होती, तीही काढली. आणि एक गोष्ट मी सगळ्यात आधी काढली. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात ती काम करता करता मला हाक मारते. "अहो." थोड्या वेळानं परत, "अहो, ऐकता का?" आणि मागं टीव्हीचा आवाज. मी ओ देत नाही. एकाही तुकड्यात मी ओ देत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं. मग वाटलं, हे पाहुण्यांना कसं दाखवायचं? समीक्षाला कसं दाखवायचं? म्हणून काढलं. नेमकं कुठं कापायचं ते कळावं म्हणून ती एक एक हाक मी दहा-दहा वेळा ऐकली. मागं घ्यायची, पुढं घ्यायची, "अहो" सुरू होते तिथं कात्री लावायची.

एवढं कापल्यावर आवाज जागोजागी तुटायला लागला. अर्धं वाक्य इथं, अर्धं तिथं. मग मी सगळाच आवाज बंद केला आणि त्याखाली बासरी टाकली. बबलूनं दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये ती होती, फुकटातली. बावीस मिनिटांचा व्हिडिओ झाला. सुरुवातीला तिचा फोटो, खाली नाव आणि तारीख. मग हात. कणीक मळणारे, दोरी वळणारे, काडीवर गुंडाळणारे, सरगुंडा अलगद सरकवून सुपात टाकणारे. कुठं डाग नाही, खरकटं नाही. पहिल्यांदा सलग पाहिला तेव्हा मला वाटलं, इंदूनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, बाई, एवढं साफ मी कधी केलं होतं!

पक्का व्हिडिओ काढताना कॉम्प्युटर सांगायला लागला की जागा नाही. तरी मी तो कसाबसा एकदा काढला. मनासारखा निघाला. काम झालं होतं. सॉफ्टवेअरमध्ये सेव्हही केलेलं होतं. मग मी ते त्रेचाळीस तुकडे काढून टाकले. कचऱ्याचा डबाही रिकामा केला. कवडी घरात ठेवत नाही, तसंच. मग मोकळ्या झालेल्या जागेत तोच तयार व्हिडिओ घेऊन मी आणखी सहा वेळा नवा काढला, कधी सुरुवातीचा फोटो बदलला, कधी नाव.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी समीक्षा आली. मी तिला चहा घेऊ दिला, मग कॉम्प्युटरपुढं बसवलं. मी मागं खाटेवर बसलो. तिची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. बासरी सुरू झाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती हलली नाही. मला वाटलं, आवडलं.

बावीस मिनिटं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, आवाज लावता काय?"

"आवाज आहे न. बासरी."

"आईचा."

"त्यात लय गडबड होती. मिक्सर, टीव्ही, खोकला. म्हणून काढला."

"बरं," ती म्हणाली. "छान केलंय. खरंच. मूळचे कुठं आहेत? मी आवाज त्यातला ऐकते."

 तिनं वळून पाहिलं.

"बाबा, मूळचे?"

"हे सॉफ्टवेअर उघड," मी म्हटलं. "त्यात सेव्ह केलेलं आहे. सगळं त्यात आहे."

तिनं उघडलं. पट्टीवर सगळे तुकडे ओळीनं दिसले, पण प्रत्येकावर लाल फुली. फाइल सापडत नाही, असं लिहिलेलं. त्रेचाळीस वेळा.

ती रडली नाही. तिनं मला खालच्या आवाजात विचारलं, "मोबाइलमध्ये?"

"तिकडून कट केलं होतं."

"काहून बाबा? काहून?" तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला. "मी म्हटलं होतं न, जसे आहेत तसे द्या? मी सरगुंडे खायला मागत नव्हते. मले ती बोलताना पाह्यजे होती. माझ्या फोनमध्ये तिचा एक शब्द नाही. नऊ दिवस मी तिच्याजवळ बसले, तिनं मले हाक मारली नाही. मले वाटत होतं, तुमच्याकडं आहे. घाई नाही, तुमच्याकडं आहे."

मी म्हटलं, "साफ करून देऊ म्हटलं."

"तिचं काय घाण होतं त्यात?"

 उत्तर होतं, पण ते सांगायची हिंमत नव्हती.

आम्ही मोटारसायकलवर कॉम्प्युटरचा डबा बांधून नेरला गेलो. समीक्षा मागं बसली, मधे तो डबा. बबलूनं दुकान अर्धं बंद केलं आणि तीन तास बसला. गेलेलं वापस आणायचं सॉफ्टवेअर त्यानं आधी मोबाइलच्या कार्डावर चालवलं, तिथं काही निघालं नाही, मग कॉम्प्युटरवर. ते चालत होतं आणि तो माझ्याशी बोलत होता.

"काका, एक सांगू? रागावू नोका. तुमी कापलं ते कापलंच नवतं. हे सॉफ्टवेअर मूळ व्हिडिओले हात लावत नाही. कुठून कुठवर दाखवाचं, तेवढंच लिहून ठेवते. तुमी ज्या आवाजावर कात्री लावली तो मुळात जसाच्या तसा होता. तुमी फक्त मूळ तेवढं ठेवाचं होतं."

"मले वाटलं सेव्ह म्हणजे त्यात भरून ठेवलं."

"सगळ्याइलेच वाटते. माह्या पहिल्या लग्नाचंही असंच गेलतं."

"तुहं पहिलं लग्न?"

"माहं नाही काका. मी शूटिंग केलेलं पहिलं लग्न. नवरदेव मारायले धावलता."

समीक्षा थोडी हसली आणि मग तोंड फिरवून बाहेर पाहायला लागली.

शेवटी बबलूनं मान हलवली. "नावं दिसून राह्यली, आत काही नाही. तुमी सहा वेळा नवा व्हिडिओ काढला न, तो त्याच जागेवर बसला. वरून लिहिल्या गेलं."

म्हणजे मी केलेला साफ व्हिडिओ तिच्या आवाजावर बसला होता.

समीक्षा म्हणाली, "एकदा तारखेनं शोधू. पोळ्यानंतरचं सगळं." तिनं स्वतः माउस घेतला. यादी वर जात होती. एका जागी ती थांबली. "हे काय आहे, बाबा? वेगळ्याच फोल्डरमध्ये आहे. सहा मिनिटं चाळीस सेकंद."

मी ओळखलं. पहिल्या सॉफ्टवेअरनं केलेला तो तुकडा. सॉफ्टवेअर मी काढलं होतं, पण त्याचा तो फोल्डर राहून गेला होता. मी म्हटलं, "ते खराब आहे. त्याच्यावर कंपनीचं नाव येते."

तिनं तो उघडला.

आडवं ते मोठं नाव, पांढऱ्या अक्षरात. त्याच्या मागं आमचं अंगण, परात, आणि वाकून मोबाइलमध्ये पाहणारी इंदू. दुकानात तिचा आवाज आला. "सुरू झालं काय हे? झालं वाटते. हे पाय समीक्षा, कणिक लय सैल नोको. सैल झाली का काडीले चिपकते. तुया बाबासारखी, एकदा बसली का उठत नाही." मग ती स्वतःच हसली, खोकली, पाणी प्यायली. दोरी वळायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "अहो." टीव्हीवर कोणीतरी भाव सांगत होतं. "अहो, ऐकता का? चहा ठेवू काय?" थोडं थांबली. परत हाक मारली. मग मोबाइलकडं पाहून म्हणाली, "पाह्यलं? ऐकूनच येत नाही. आन हेच मले सॉफ्टवेअर पाहून देनार हायेत."

बबलू काउंटरवरची धूळ पुसायला लागला. समीक्षानं तो तुकडा चार जागी कॉपी केला. बबलूच्या कॉम्प्युटरवर, पेनड्राइव्हवर, स्वतःच्या फोनवर, माझ्या फोनवर. मग तिनं मला विचारलं, "बाकीच्या बेचाळीसमध्येही ती तुम्हाला हाक मारत होती काय?"

"हो," मी म्हटलं. "म्हणून काढल्या."

तिनं पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चला बाबा, उशीर होते."

श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं तोच तुकडा लावला, कंपनीच्या नावासकट. माझा बावीस मिनिटांचा लावला नाही. बाबासारखी एकदा बसली का उठत नाही, हे ऐकून सगळे हसले. सत्यभामाबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या आणि रडल्या. म्हणाल्या, "अशीच बोले. माह्या पापडाले तर तिनं कधी नाव ठेवल्याशिवाय खाल्लं नाही." मी त्यांच्यासाठी जे काढून टाकलं होतं ते त्यांना माहीतच होतं.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "माह्या पापडाचं काही नाही काय त्याच्यात?"

"होतं," मी म्हटलं. "ती म्हणे, सत्यभामाचे पापड भाजले तर विस्तव विझते."

त्या पुन्हा हसल्या. समीक्षा दारात ताटं घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं.

पाहुणे गेल्यावर, दुपारी चारच्या सुमारास, ती माझ्याजवळ आली. "हे तुम्हाला पाठ आहे काय?"

"ऐकलं होतं न. कापायसाठी. दहा-दहा वेळा."

"सगळं आठवते?"

मी आठवून पाहिलं. कोणता तुकडा कुठं होता, तिनं कुठं श्वास घेतला, कुठं थांबली. मला आठवत होतं. तीस वर्षांच्या संसारात तिचं बोलणं मी एवढं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते काढून टाकायसाठी.

समीक्षानं स्वयंपाकघरातून कणकेचा डबा आणला. त्याला तिचा फोन टेकवला. कॉम्प्युटरवर माझा तो व्हिडिओ लावला आणि बासरी बंद केली. नुसते हात चालू राहिले. "बोला," ती म्हणाली. "मी नंतर तुमचा आवाज याच्याखाली लावते, तुमच्याच त्या सॉफ्टवेअरमध्ये. तिचा नाही तर नाही. ती काय म्हणत होती ते तरी राहील."

मी बोलायला लागलो. हा दुसरा तुकडा, इथं ती म्हणते, काडी तुरीची घे, झाडूची नोको, तुटते. इथं सातव्यात मोबाइल पडतो, ती म्हणते, अगं बाई, आभाळ दाखवून राह्यलो का काय आपन. इथं बाराव्यात काही बोलत नाही, गुणगुणते. इथं सव्विसाव्यात खोकते, मग म्हणते, समीक्षा, तू अशाच उन्हात झालतीस, तवा पंखाही नवता. समीक्षा मधे मधे तोंड पुसत होती, पण फोनला हात लावत नव्हती. मी इंदूसारखं बोलायचा प्रयत्न केला नाही. ते मला येत नाही. मी फक्त सांगत गेलो.

मधे माझा घसा बसला. समीक्षानं पाणी दिलं. "एकतिसावा," ती म्हणाली.

स्क्रीनवर हात काडीवर दोरी गुंडाळत होते.

"इथं ती मला हाक मारते," मी म्हटलं. "तीनदा. म्हणते, अहो, ऐकता का, इकडं या, हे पाहा कसं एकसारखं झालं."

 समीक्षानं विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

"मी घरातच असतो," मी म्हटलं. "मी काहीच म्हणत नाही."

तिनं फोन बंद केला नाही. इंदूच्या हातांनी सरगुंडा सरकवून सुपात टाकला आणि दुसरी काडी उचलली. मी बत्तिसावा तुकडा सांगायला लागलो.